लारावेल साइटवर कोरं पान: बिघाड नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं

लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये बनवलेली साइट नव्या सर्व्हरवर चढवली, ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि समोर पांढरंफटक पान. एरर नाही, मेसेज नाही, काहीच नाही. अशा वेळी आठवतील त्या कमांड एकामागून एक मारल्या जातात: कॅश क्लिअर, स्टोरेजला ७७७ परमिशन, कंपोजर इन्स्टॉल (पीएचपीची पॅकेजेस आणणारी कमांड), सर्व्हर रीस्टार्ट. त्यातली एखादी लागू पडते आणि साइट चालू होते. पण कशाने बिघडलं होतं ते कळलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या डिप्लॉयला तेच पान पुन्हा समोर येतं. शिवाय ते ७७७ तसंच राहून जातं. म्हणजे त्या मशीनवरची कुठलीही प्रोसेस तुमच्या फोल्डरात काहीही लिहू शकते.

खरं तर कोरं पान बरंच काही सांगतं. लारावेल व्यवस्थित सुरू झालं आणि त्यानंतर कोडमध्ये चूक झाली, तर ते सहसा कोरं पान देत नाही. डीबग मोड बंद असला तरी ‘५०० सर्व्हर एरर’ एवढं लिहिलेलं पान तरी येतंच. तेही आलं नाही तर चार शक्यता उरतात. एक, लारावेल उभं राहण्याआधीच पीएचपी कोसळलं. दोन, चूक झाली आणि ती दाखवणारी यंत्रणाही तिच्यासोबत कोसळली. तीन, चूक झालीच नाही, कोडने किंवा सर्व्हरने रिकामं उत्तर पाठवलं. चार, एचटीएमएल पोचलं, पण ब्राउझरला त्यातून काही दाखवता आलं नाही. यातली आपली शक्यता कुठली हे ठरेपर्यंत सर्व्हरवर कशालाही हात लावू नका. ते ठरवायला फार वेळ लागत नाही.

पान खरंच कोरं आहे का?

त्या पानावर कंट्रोल आणि यू दाबा, सोर्स उघडेल. तिथे एचटीएमएल दिसलं तर सर्व्हरचं काम बहुतांशी झालेलं आहे आणि बिघाड ब्राउझरच्या बाजूला आहे. त्याबद्दल पुढे येईलच. सोर्सही रिकामा असेल तर एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, पान रीलोड करा आणि यादीतली पहिली ओळ बघा. तिथल्या दोन गोष्टी हव्यात: स्टेटस आणि साइज.

क्रोमची एक सवय इथे कामाला येते. स्टेटस ५०० आणि मजकूर शून्य असेल, तर क्रोम स्वतःचंच एक पान दाखवतो, ‘हे पेज काम करत नाही’ छापाचं, आणि खाली ‘एचटीटीपी एरर ५००’ लिहितो. त्यामुळे क्रोममध्ये अगदी स्वच्छ पांढरं पान दिसत असेल, तर स्टेटस बहुधा २०० असतो. म्हणजे सर्व्हरच्या मते सगळं सुरळीत चाललंय. त्या दोन्हींचा तपास पूर्ण वेगळ्या दिशांनी जातो, म्हणून आकडा बघायचा कंटाळा करू नका.

ब्राउझरपेक्षा भरवशाचं साधन म्हणजे कर्ल. टर्मिनलवर कर्ल, मग डॅश आय आणि पुढे साइटचा पत्ता दिला की हेडर आणि मजकूर दोन्ही जसेच्या तसे छापून येतात. मध्ये ब्राउझरची कॅश नाही, एक्स्टेन्शन नाही, सर्व्हिस वर्कर नाही. हेच एकदा सर्व्हरवर लॉगिन करून लोकलहोस्टच्या पत्त्यावर करा, होस्ट हेडरमध्ये तुमचं डोमेन देऊन. तिथे पान नीट येतंय आणि बाहेरून कोरं येतंय, तर दोष मधल्या सीडीएन किंवा प्रॉक्सीकडे (तुमचा सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यामधल्या सर्व्हरकडे) आहे. तुमचा कोड ठीक आहे.

स्टेटस ५००, मजकूर शून्य

म्हणजे पीएचपी कोसळलं आणि त्याने चूक पडद्यावर न दाखवता फक्त ५०० पाठवलं. पीएचपीसोबत येणाऱ्या प्रॉडक्शनच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये डिस्प्ले एरर्स, म्हणजे चुका पडद्यावर दाखवणं, बंदच असतं. लाइव्ह सर्व्हरवर ते तसंच असायला हवं.

बरेच जण इथे आयएनआय फाइलमध्ये डिस्प्ले एरर्स चालू करतात आणि तरीही काही दिसलं नाही की गोंधळतात. कारण साधं आहे: लारावेल सुरू होताना ही सेटिंग स्वतःच बंद करतं. त्यामुळे तो मार्ग सोडा आणि थेट लॉग वाचा.

कुठला लॉग? लारावेलचा स्वतःचा लॉग स्टोरेज फोल्डरातल्या लॉग्ज फोल्डरात असतो. सगळे आधी तिथेच बघतात, आणि नेमका कोऱ्या पानाच्या वेळी तो अनेकदा रिकामा असतो, कारण लारावेल लॉग लिहिण्याच्या अवस्थेपर्यंत पोचलेलंच नसतं. तेव्हा एक पायरी खाली उतरा. उबंटूवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर व्हार, लॉग, एनजिनएक्स या मार्गाने जाऊन एरर लॉग उघडा. पीएचपीच्या एरर लॉगसाठी वेगळी फाइल ठरवून दिलेली नसेल, तर एफपीएम (एनजिनएक्समागे पीएचपी चालवणारी सेवा) आपली चूक एनजिनएक्सकडे पाठवतं, आणि या लॉगमध्ये ‘फास्टसीजीआय सेंट इन एसटीडीएरर’ अशी सुरुवात असलेली ओळ दिसते. तिच्यातच फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो. अपाची असेल तर व्हार, लॉग, अपाची२. सीपॅनलवाल्या शेअर्ड होस्टिंगवर बहुधा पब्लिक फोल्डरातच ‘एरर अंडरस्कोर लॉग’ नावाची फाइल तयार झालेली असते, फाइल मॅनेजरमधून ती उघडता येते. लॉग टेल कमांडने, एफ पर्याय लावून उघडा ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत पान रीलोड करा. जी ओळ त्या क्षणी पडेल ती तुमची.

एकाच रीलोडला लॉगमध्ये तीन-चार चुका पडल्या तर पहिली वाचा, शेवटची नाही. हे आवर्जून सांगण्यासारखं आहे, कारण ‘टार्गेट क्लास व्ह्यू डझ नॉट एक्झिस्ट’ अशी ओळ बघून लोक तासन्‌तास व्ह्यू सर्व्हिस प्रोव्हायडर शोधत बसतात. प्रत्यक्षात घडलेलं असतं असं: कॉन्फिग फोल्डरातल्या एखाद्या फाइलमध्ये स्वल्पविराम राहिला, किंवा बूटस्ट्रॅपमधल्या कॅश फोल्डरात लिहिता आलं नाही. ही चूक इतक्या लवकर झाली की व्ह्यूची (पानाचं एचटीएमएल बनवणारी) सेवा अजून नोंदलीच गेली नव्हती. लारावेल एररचं पान दाखवायला गेलं, त्यासाठी व्ह्यू लागला, तो नव्हता, आणि ही दुसरी चूक पहिलीच्या डोक्यावर येऊन बसली. खरी चूक तिच्या वर लिहिलेली असते.

लॉग कुठेच सापडत नसेल, किंवा होस्टिंगवाल्यांनी तो वाचायचा हक्कच दिला नसेल, तर पब्लिक फोल्डरात एक छोटी पीएचपी फाइल ठेवा, फक्त एक शब्द छापणारी. ती उघडली तर वेब सर्व्हर आणि पीएचपी यांचं जमतंय, दोष लारावेलच्या आत आहे. तीही कोरी असेल तर लारावेलला विसरा आणि सर्व्हरच्या कॉन्फिगकडे जा. पहिल्या प्रकारात पब्लिकमधली इंडेक्स फाइल उघडा. ती लहान आहे आणि तिच्यात मुख्य कामं तीनच होतात: व्हेंडरमधली ऑटोलोड फाइल घेणं, बूटस्ट्रॅपमधून अ‍ॅप उभं करणं, आणि रिक्वेस्ट हाताळून उत्तर पाठवणं. पहिल्या कामानंतर डाय कमांडने एक आकडा छापून बघा. दिसला तर ती ओळ दुसऱ्या कामानंतर न्या. आकडा जिथे दिसेनासा होईल, तिथे घाव आहे. तपास झाला की या ओळी आणि ती चाचणीची फाइल आठवणीने काढा.

आता या प्रकारातली नेहमीची कारणं.

ऑटोलोड फाइलच नसणं हे सर्वांत साधं. व्हेंडर फोल्डर गिटमध्ये जात नाही, त्यामुळे सर्व्हरवर कोड ओढल्यावर कंपोजर इन्स्टॉल चालवावंच लागतं, आणि लाइव्हवर ते नो-डेव्ह पर्यायासह. पीएचपीची आवृत्ती कमी पडत असेल तर कंपोजर २ त्याची स्पष्ट तक्रार करतो. पण मुळातल्या सेटिंगप्रमाणे साइट चालू होताना तो फक्त पीएचपीची आवृत्ती तपासतो, एक्स्टेन्शन नाही. आणि इथे एक सापळा आहे: टर्मिनलवर आवृत्ती विचारली की जी दिसते ती टर्मिनलच्या पीएचपीची. एनजिनएक्समागचं एफपीएम वेगळ्या आवृत्तीचं असू शकतं. उबंटूवर दोघांच्या आयएनआय फाइलही वेगळ्या असतात, एक सीएलआय फोल्डरात, दुसरी एफपीएम फोल्डरात. एकीत बदल करून दुसरीकडे परिणाम शोधणं यात खूप वेळ जातो. एनजिनएक्सच्या साइट कॉन्फिगमध्ये कुठल्या आवृत्तीचं सॉकेट लिहिलंय ते बघा, मग पुढे जा.

परमिशनचं प्रकरण थोडं खोल आहे. लारावेलला दोन जागी लिहावं लागतं: स्टोरेज फोल्डर आणि बूटस्ट्रॅपमधला कॅश फोल्डर. स्टोरेजमध्ये लॉग जातो, सेशन फाइलमध्ये ठेवत असाल तर ते जातात आणि ब्लेडच्या (लारावेलच्या पानांच्या साच्यांच्या) फाइल कंपाइल होऊन साठतात. लारावेलचं एररचं पान हेसुद्धा ब्लेडचंच पान आहे. म्हणजे स्टोरेजमध्ये लिहिता येत नसेल तर चूक लॉगमध्ये लिहिता येत नाही आणि ती दाखवणारं पानही कंपाइल करता येत नाही. दोन्ही वाटा एकदम बंद, आणि पान कोरं.

उपाय ७७७ नाही. आधी एफपीएम कुठल्या युजरच्या नावाने चालतंय ते बघा. उबंटू आणि डेबियनवर तो सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असतो. त्या युजरच्या नावाने, सुडो आणि यू पर्याय वापरून, स्टोरेजमधल्या लॉग्ज फोल्डरात टच कमांडने एक रिकामी फाइल तयार करायचा प्रयत्न करा. ‘परमिशन डिनाइड’ आलं की निदान पक्कं झालं. मग या दोन फोल्डरांचा ग्रुप त्या युजरच्या ग्रुपला द्या, फोल्डरांना ७७५ आणि फाइलना ६६४ ठेवा. रॉकी किंवा रेड हॅटच्या घरातली लिनक्स असेल आणि परमिशन बरोबर असूनही लिहिता येत नसेल, तर एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा यंत्रणा) आडवं येतंय. त्या फोल्डरांना वेब सर्व्हरला लिहिता येईल असा संदर्भ द्यावा लागतो. एसईलिनक्स बंद करून टाकणं हा मार्ग नव्हे.

परमिशन एकदा बरोबर करूनही पुन्हा बिघडते, त्याचं एक ठरलेलं कारण आहे. शेड्यूलरची क्रॉन ओळ (ठरावीक वेळी आपोआप चालणारी कमांड) रूट या सर्वाधिकारी युजरच्या क्रॉनटॅबमध्ये टाकलेली असते आणि लॉगचा प्रकार ‘डेली’ असतो, म्हणजे दर दिवशी नव्या तारखेची फाइल. तारीख बदलल्यावर ज्याने पहिल्यांदा लॉग लिहिला त्याच्या नावाने फाइल तयार होते. ते काम क्रॉनने केलं तर मालक रूट, आणि वेबच्या युजरला त्या फाइलमध्ये भर घालता येत नाही. त्यानंतर ज्या पानावर काहीही लॉग व्हायचं असेल ते पान पडतं, बाकीची चालतात. लारावेलचा टाइमझोन मुळात यूटीसी असतो. तो बदलला नसेल तर तिथली मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. ‘सकाळी उठून बघतो तर साइट बंद, काल रात्री चालत होती’ अशी तक्रार असेल तर आधी लॉग फाइलचा मालक बघा. क्रॉनची ओळ वेबच्याच युजरच्या क्रॉनटॅबमध्ये हलवली की प्रश्न कायमचा सुटतो. आर्टिसनच्या (लारावेलच्या स्वतःच्या) कमांडही रूट होऊन चालवू नका, कारण तेच.

मेमरी संपणं हे तिसरं कारण. लॉगमध्ये ‘अलाउड मेमरी साइज ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड’ असं दिसेल. तो लांबलचक आकडा म्हणजे १२८ एमबी, पीएचपीची मुळातली मर्यादा. अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून लारावेल ३२ केबी जागा आधीच राखून ठेवतं, पण एररचं पूर्ण पान उभं करायला ती पुरेलच असं नाही, आणि पान कोरं जातं. मर्यादा २५६ किंवा ५१२ करून आजचा दिवस निघतो. पण आधी बघा की कोडमध्ये कुठे मॉडेलवर ‘ऑल’ लावून अख्खा टेबल उचललाय का. लोकलवर २०० ओळींचा डेटा असतो आणि सगळं सुरळीत चालतं. लाइव्हवर २ लाख ओळी झाल्या की तेच पान कोरं होतं. यादीसाठी पॅजिनेट, एक्स्पोर्टसाठी चंक किंवा लेझी वापरा.

स्टेटस २००, मजकूर शून्य

हा प्रकार जास्त छळतो, कारण लॉगमध्ये काहीही सापडत नाही. सापडणार कसं, कोणाच्याच मते काही चुकलेलं नाही.

नवा सर्व्हर असेल, साइट अजून एकदाही उघडलेली नसेल आणि प्रत्येक पान कोरं येत असेल, तर एनजिनएक्सचं कॉन्फिग बघा. एफपीएमला कुठली फाइल चालवायची हे ‘स्क्रिप्ट फाइलनेम’ नावाच्या पॅरामीटरमधून कळतं. एनजिनएक्ससोबत जवळजवळ सारख्या दोन फाइल येतात: फास्टसीजीआय पॅराम्स आणि फास्टसीजीआय डॉट कॉन्फ. दुसरीत हा पॅरामीटर आहे, पहिलीत नाही. पहिली इन्क्लूड केली आणि स्क्रिप्ट फाइलनेमची ओळ स्वतः लिहिली नाही, तर एफपीएमला फाइलच कळत नाही आणि ते निमूटपणे २०० सह रिकामं उत्तर पाठवतं. पॅरामीटर आहे पण मार्ग चुकीचा आहे, तर चित्र वेगळं दिसतं: ‘फाइल नॉट फाउंड’ एवढा मजकूर येतो आणि लॉगमध्ये ‘प्रायमरी स्क्रिप्ट अननोन’ असं पडतं. म्हणजे पूर्ण कोरं आलं तर ओळ नाही, ‘फाइल नॉट फाउंड’ आलं तर ओळीतला मार्ग चुकलाय.

तिथेच असताना रूट ही ओळही तपासा. ती प्रोजेक्टच्या पब्लिक फोल्डराकडे हवी, प्रोजेक्टच्या मुळाकडे नको. मुळाकडे असेल तर डॉट ईएनव्ही फाइल, म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड, कोणालाही ब्राउझरमधून उतरवून घेता येऊ शकतो. कोऱ्या पानापेक्षा हे कितीतरी गंभीर आहे.

बाकीची पानं चालतात आणि एकच पान २०० सह कोरं येतंय, तर त्या पानाच्या कंट्रोलरमध्ये (पानाची मागणी हाताळणाऱ्या कोडमध्ये) रिटर्न शोधा. मेथडमध्ये व्ह्यू बोलावला पण त्याआधी रिटर्न लिहायचं राहिलं, तर मेथड काहीच परत देत नाही आणि लारावेल त्याचं रिकामं उत्तर बनवून पाठवतं, कुठलीही कुरकूर न करता. थेट विसरलेला रिटर्न लगेच दिसतो. लपून राहतो तो इफच्या फांदीतला. ऑर्डर ‘पेड’ असेल तर हा व्ह्यू, ‘पेंडिंग’ असेल तर तो व्ह्यू, आणि एके दिवशी डेटाबेसमध्ये ‘रिफंडेड’ ही तिसरी अवस्था आली. तिच्यासाठी फांदीच नाही, त्यामुळे फक्त तेवढ्याच ग्राहकांना कोरं पान दिसतं आणि तुमच्याकडे ते कधीच घडत नाही. कंट्रोलरच्या मेथडला रिटर्न टाइप लिहायची सवय लावा. मग अशा जागी पीएचपी स्वतःच टाइप एरर देतं आणि लॉगमध्ये ओळीचा नंबर मिळतो. याच जातीचं दुसरं कारण म्हणजे एखाद्या हेल्परमध्ये राहून गेलेलं एक्झिट किंवा डाय. पूर्ण प्रोजेक्टमध्ये, व्हेंडर सोडून, हे दोन शब्द शोधून बघा.

पीएचपी ८च्या आधीच्या आवृत्तीवर जुना कोड चालवत असाल, तर फंक्शनच्या आधी लावलेलं अ‍ॅट चिन्हही शोधा. तेव्हा ते चिन्ह गंभीर चुकासुद्धा गिळून टाकायचं. पीएचपी ८पासून गंभीर चुकांवर त्याचा जोर चालत नाही.

आणि एक कारण असं, जे ठाऊक नसेल तर सापडणं अवघड. सर्व्हरची डिस्क भरली. त्याच वेळी ब्लेडची एखादी फाइल बदललेली होती, म्हणून लारावेलने ती नव्याने कंपाइल करून स्टोरेजमध्ये लिहायला घेतली. फाइल तयार झाली पण आत एक अक्षरही लिहायला जागा नव्हती. शून्य बाइटची फाइल. त्या रिक्वेस्टला एरर आली. पुढे कोणीतरी जुने बॅकअप उडवून डिस्क मोकळी केली, आणि तरीही ते एक पान कोरंच राहिलं. का, तर कंपाइल केलेली फाइल मूळ ब्लेड फाइलपेक्षा नवी आहे एवढंच लारावेल बघतं. ती रिकामी आहे हे बघत नाही. ती ‘ताजी’ समजून प्रत्येक वेळी तीच चालवली जाते. फाइंड कमांडला एम्प्टी पर्याय देऊन स्टोरेज, फ्रेमवर्क, व्ह्यूज या फोल्डरात रिकाम्या फाइल आहेत का बघा. आर्टिसनची व्ह्यू क्लिअर कमांड चालवली की पान परत येतं.

डिस्क तपासताना डीएफ कमांड दोनदा चालवा, एकदा एच पर्यायासह आणि एकदा आय पर्यायासह. जागा शिल्लक असूनही आयनोड (फाइलच्या नोंदींच्या जागा) संपलेले असू शकतात, विशेषतः सेशन फाइलमध्ये साठवत असाल आणि लाखो बारीक फाइल साचल्या असतील तर.

सोर्स आहे, तरी पान पांढरं

इथे आधी सोर्स वाचा. हेडर, मेन्यू, फुटरचं एचटीएमएल आहे आणि मधला भाग गायब आहे, तर लेआउटमधल्या यील्डचं नाव आणि पानातल्या सेक्शनचं नाव जुळत नाही. एकीकडे ‘कंटेंट’, दुसरीकडे ‘कंटेंट्स’ एवढा फरकही पुरतो. ब्लेड याबद्दल एरर देत नाही, कारण सेक्शन नसणं त्याच्या दृष्टीने चूक नाही.

सोर्समध्ये जवळपास रिकामा असलेला एकच डिव्ह आहे, आयडी ‘अ‍ॅप’, तर तुमचं पान रिअ‍ॅक्ट किंवा व्ह्यूजेएस रंगवतं, बहुधा इनर्शिया या जोडणाऱ्या लायब्ररीमार्फत. मग कन्सोल टॅबमधली पहिली लाल ओळ बघा. रिअ‍ॅक्टच्या १६व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून, नियम असा आहे की रेंडर होताना न पकडलेली चूक झाली तर रिअ‍ॅक्ट अख्खं पान काढून टाकतं. अर्धवट, चुकीचं पान दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवलेलं बरं, असा त्यामागचा विचार. त्यामुळे एका कोपऱ्यातल्या कंपोनंटमध्ये नलवर ‘मॅप’ चालवला तरी पूर्ण पान पांढरं होतं. पानाच्या मोठ्या भागांभोवती एरर बाउंड्री लावल्या तर तेवढाच भाग पडतो.

लाल ओळीत ५१७३ हा पोर्ट आणि लोकलहोस्ट दिसलं, तर कारण जवळजवळ नक्की आहे. वीट या बिल्ड टूलचा डेव्हलपमेंट सर्व्हर चालू असताना पब्लिक फोल्डरात ‘हॉट’ नावाची एक छोटी फाइल असते. ती दिसली की लारावेल स्क्रिप्टचे पत्ते लोकलहोस्टचे देतं. लारावेलच्या गिटइग्नोरमध्ये ती आहे, त्यामुळे गिटने डिप्लॉय करणाऱ्यांना हा त्रास होत नाही. पण प्रोजेक्टची झिप करून किंवा एफटीपीने फाइल चढवल्या की तीही सर्व्हरवर जाते. मग प्रत्येक पाहुण्याचा ब्राउझर स्वतःच्याच मशीनवर स्क्रिप्ट शोधू लागतो. आणि तुमच्या लॅपटॉपवर वीट चालू असेल तर तुम्हाला साइट नीट दिसू शकते, म्हणून तक्रारीवर विश्वास बसत नाही. हॉट फाइल उडवा, एनपीएम रन बिल्ड चालवा, पब्लिकमधला बिल्ड फोल्डर सर्व्हरवर पोचलाय का बघा.

‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ आणि त्यापुढे लेस-दॅनची खूण दिसली, तर जावास्क्रिप्ट मागितल्यावर सर्व्हरने एचटीएमएल दिलंय. ती फाइल तिथे नाही, आणि अस्तित्वात नसलेल्या प्रत्येक पत्त्याला सर्व्हर मुख्य पानच देतोय. डिप्लॉयनंतर हे फार दिसतं: बिल्डच्या फाइलच्या नावात हॅश असतो, नव्या बिल्डमध्ये तो बदलतो, जुन्या फाइल उडतात, आणि ज्याने टॅब सकाळपासून उघडा ठेवलाय त्याचा ब्राउझर जुनंच नाव मागत राहतो. जुन्या बिल्डच्या फाइल काही दिवस ठेवल्या तर त्यांची गैरसोय होत नाही.

‘मिक्स्ड कंटेंट’ दिसलं, तर पान एचटीटीपीएसवर आहे आणि स्क्रिप्टचे पत्ते साध्या एचटीटीपीचे. लोड बॅलन्सरवरच एसएसएल उकलून पुढे साधं एचटीटीपी जात असेल तर लारावेलला मूळ रिक्वेस्ट सुरक्षित होती हे कळत नाही. ट्रस्टेड प्रॉक्सीमध्ये त्या बॅलन्सरचा पत्ता द्या. इनर्शियात ‘पेज नॉट फाउंड’ आलं तर पानाच्या नावातलं लहान-मोठं अक्षर तपासा.

दुरुस्त केलं, तरी तेच

कॉन्फिग कॅश केलेलं असेल तर लारावेल डॉट ईएनव्ही फाइल वाचतच नाही. तिथे कितीही बदल करा, कॉन्फिग क्लिअर करेपर्यंत परिणाम शून्य. याच कारणाने कॉन्फिग फोल्डराच्या बाहेर कोडमध्ये थेट ईएनव्ही फंक्शन वापरलं तर लाइव्हवर ते नल देतं आणि लोकलवर बरोबर चालतं.

दुसरा थर ओपीकॅशचा, म्हणजे पीएचपीने कंपाइल केलेल्या कोडच्या कॅशचा. टाइमस्टॅम्प तपासणं बंद ठेवलं असेल तर पीएचपी फाइल बदललेली आहे हे त्याला कळतच नाही, एफपीएम रीलोड करावं लागतं. टर्मिनलवरून ओपीकॅश रीसेट केल्याने काही होत नाही. टर्मिनलच्या पीएचपीची मेमरी वेगळी आणि एफपीएमची वेगळी. सिमलिंक (दुसऱ्या फोल्डराकडे बोट दाखवणारी खूण) बदलून डिप्लॉय करत असाल, तर एनजिनएक्समध्ये डॉक्युमेंट रूटच्या जागी रिअलपाथ रूट वापरा, नाहीतर नवा सिमलिंक लागूनही काही काळ जुनाच फोल्डर चालत राहतो.

तपासासाठी लाइव्हवर अ‍ॅप डीबग चालू करायचा मोह होतो. करू नका. त्या पानावर कोड, क्वेरी आणि सेटिंग उघड्या पडतात. २०२१मध्ये तर लारावेलच्या इग्निशन या एरर-पानातच अशी त्रुटी सापडली होती की डीबग चालू असलेल्या साइटवर बाहेरून कोड चालवता येत होता. अगदीच गरज असेल तर त्याच कोडची आणि त्याच आवृत्तीची स्टेजिंग साइट उभी करा आणि डीबग तिथे चालू करा.

लक्ष ठेवण्याची सोय करताना फक्त स्टेटसवर विसंबू नका. वर सांगितलेल्या निम्म्या प्रकारांत स्टेटस २०० असतो, आणि तेवढंच तपासणारा मॉनिटर दिवसभर हिरवा दिवा दाखवत राहतो. लारावेल ११पासून ‘अप’ नावाचा एक पत्ता (राउट) तयार मिळतो. फ्रेमवर्क उभं राहतं का, एवढंच तो सांगतो. त्याच्या जोडीला एका खऱ्या पानावर, शक्यतो डेटाबेसमधून माहिती घेणाऱ्या, ठरावीक शब्द आहे का ते तपासायला लावा, उदाहरणार्थ फुटरमधलं संस्थेचं नाव. फुटर लेआउटच्या शेवटी येतो, म्हणून तो शब्द सापडला तर सर्व्हरने पान शेवटपर्यंत बनवलं. पान जावास्क्रिप्ट रंगवत असेल तर साध्या तपासणीला तो शब्द दिसणार नाही. तिथे हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता चालणारा, ब्राउझर वापरणारी तपासणी लावावी लागते, आणि डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये ती शेवटची पायरी म्हणून ठेवली तर कोरं पान ग्राहकाच्या आधी तुम्हाला दिसतं.